मुक्त पत्रकाराची हिशेबपट्टी : कामाचे तास मोजायचे कसे

"किती दिवस लागतील?" असं संपादकांनी फोनवर विचारलं की मी अकरा वर्षं एकच उत्तर देत आलो : दोन दिवस. कांद्याची बातमी? दोन दिवस. यंत्रमाग बंद पडतायत त्यावर काही? दोन दिवस. उजनीच्या पाण्यावरचा मोठा लेख? तोही दोनच दिवस. यातलं एकही काम दोन दिवसांत झालेलं नाही. मग किती दिवसांत झालं, असं कुणी खोदून विचारलं असतं तर मी गप्प बसलो असतो, कारण मी कधी मोजलंच नव्हतं.

सोलापूरच्या सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याचा लिलाव झाला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. वर मालाचं वजन आणि भाव, खाली हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा आणि शेवटी हातात येणारी रक्कम. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या ५१२ किलो कांद्याचे, सगळं वजा जाता, दोन रुपये उरले आणि त्या दोन रुपयांचा चेक देशभर गाजला. आम्ही पत्रकारांनी त्यावर भरपूर लिहिलं. लिहून झाल्यावर माझ्या मनात आलं, की या माणसाला निदान आपलं काय झालं ते कागदावर तरी कळलं. माझ्या बातमीची पट्टी कोण करतो? मानधन जमा झाल्याचा मेसेज आला की मी खूश, आणि नाही आला की नाराज. मधलं सगळं हवेत.

तेव्हापासून मी प्रत्येक बातमीची पट्टी करतो. ती कशी करायची, कुठे चुकतं आणि तिचा उपयोग काय, ते क्रमाने सांगतो. लागणारं सामान : खिशात मावणारी वही, बॉलपेन आणि आठवड्यातून अर्धा तास कॉम्प्युटर.

आधी ठरवा, तास कशाला म्हणायचं

नोकरीतल्या पत्रकारांसाठी १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने सलग चार आठवड्यांत जास्तीत जास्त १४४ तास अशी मर्यादा घातली होती, जेवणाची सुट्टी सोडून. म्हणजे आठवड्याला सरासरी ३६ तास. ती पाळलेली कुणी पाहिली आहे का, हे एखाद्या जुन्या उपसंपादकाला विचारून बघा, चहा होईपर्यंत करमणूक होईल. आपल्याला तर ती कागदावरची मर्यादाही नाही आणि हजेरीपटही नाही. त्यामुळे तास म्हणजे काय, ही व्याख्या आपणच करायची आणि एकदा केली की महिनाभर बदलायची नाही.

लिहिणं हे काम आहे, यात कुणाला शंका नसते. वाद होतो तो वाट पाहण्यावरून. साहेब 'मीटिंगमध्ये' आहेत म्हणून एखाद्या कार्यालयाच्या बाकावर काढलेले दोन तास मोजायचे का? माझा नियम सोपा आहे : तिथून उठून घरी जाता आलं असतं का? नसतं, तर तो कामाचा वेळ. त्याच बाकावर बसून मी दुसऱ्या बातमीचा मजकूर तपासला, तर तेवढी मिनिटं त्या दुसऱ्या बातमीच्या खात्यावर.

प्रवासाचंही तसंच. ST ने पंढरपूरला जाताना खिडकीतून बाहेर बघत बसलो तर ती फिरती. पुण्याला जाताना हुतात्मा एक्सप्रेसमध्ये लॅपटॉप उघडून लेख लिहिला तर ते लिहिणं, फिरती नव्हे. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला निघालो आणि झोपलो, तर झोप कामात धरत नाही. काही मित्र धरतात. धरा, पण मग दर वेळी धरा.

चौकातल्या कट्ट्यावरचा चहा मी सुरुवातीला मोजत होतो. "तिथेच तर बातम्या मिळतात" हा आपला लाडका युक्तिवाद. दोन महिन्यांनी बेरीज पाहिली तर कट्ट्याचे तास लिहिण्याच्या तासांच्या पुढे गेले होते आणि त्यातून बातमी निघाली होती एक. आता ती एक बातमी निघते त्या दिवशीचाच चहा मोजतो.

खुणा ठरवा, पण थोड्याच

प्रत्येक वेळी 'जिल्हा परिषदेत कागदपत्रं पाहिली' असं लिहायला कुणालाच जमत नाही, चौथ्या दिवशी वही बंद पडते. म्हणून एकाक्षरी खुणा. माझ्या अशा आहेत : 'ठ' म्हणजे विषय ठरवणं, संपादकांशी आणि इतरांशी सुरुवातीचे फोन. 'फि' फिरती. 'वा' वाट पाहणं. 'बो' लोकांशी बोलणं, समोर किंवा फोनवर. 'का' कागदपत्रं, दरपत्रकं, शासन निर्णय, माहिती अधिकार. 'उ' मुलाखतीचं ध्वनिमुद्रण ऐकून उतरवणं. 'लि' लिहिणं. 'दु' दुरुस्ती, म्हणजे कॉपी (लिहिलेला मजकूर) पाठवल्यानंतर संपादकीय डेस्कवरून येणारे प्रश्न. आणि 'व' वसुली, म्हणजे पैशांसाठी केलेले फोन, मेल आणि बिलं.

नऊ झाल्या. पहिल्या महिन्यात मी चौदा ठेवल्या होत्या, त्यातल्या पाच कधी वापरल्याच नाहीत. 'वा' आणि 'व' मात्र काहीही झालं तरी काढू नका. पत्रकाराच्या पट्टीत हमाली आणि तोलाई म्हणतात ती हीच.

वहीचं पान

वही कागदाचीच का? कारण दिवसभर फोन आधीच कामात असतो. त्यावरच मुद्रण चालू असतं, त्यावरच फोटो, त्यावरच कॉल. तास नोंदवायला ॲप उघडायचं म्हणजे वाटेत व्हॉट्सॲप लागतं आणि वीस मिनिटं जातात. टॉगल, क्लॉकिफाय अशी वेळ मोजणारी ॲप चांगली आहेत, मोफतही वापरता येतात. टेबलाशी बसून काम करणाऱ्या अनुवादक मैत्रिणीचं त्यांच्यावर उत्तम चाललं आहे. माझं चाललं नाही. घड्याळ सुरू करून मी बाजार समितीत शिरायचो आणि रात्री जेवताना आठवायचं, की ते अजून चालूच आहे.

एका ओळीत पाच गोष्टी : सुरू, बंद, खूण, बातमीचं नाव, खर्च. तारीख पानाच्या डोक्यावर. माझं एक पान असं :

७.४५ ते ८.१५ – फि – कांदा – पेट्रोल १५०
८.१५ ते १०.०० – वा – कांदा
१०.०० ते ११.४५ – बो – कांदा – चहा ४०
११.४५ ते १२.०० – बो – पाणी
१२.०० ते १२.३० – फि – कांदा

चौथी ओळ बघा. कांद्याच्या ढिगाऱ्यात उभा असताना पाणीपुरवठ्याच्या बातमीसाठी वाट पाहत होतो तो फोन आला. ती पंधरा मिनिटं पाण्याची. अशी मधली मिनिटंच आपण विसरतो आणि महिनाअखेर त्यांचे आठ-दहा तास होतात.

वेळ पाव तासाच्या हिशेबात धरा. सात मिनिटांपर्यंतचं सोडून द्या, आठ मिनिटं झाली की पाव तास. मिनिटामिनिटाची नोंद करणारे माझ्या पाहण्यात तरी पंधरवड्याच्या पुढे टिकलेले नाहीत.

बातमीचं नाव पहिल्या फोनलाच द्या, ती होणार की नाही हे माहीत नसताना. 'कांदा', 'पाणी', 'विडी घरकुल', एवढं पुरे. न झालेल्या बातम्यांनीच आपला किती वेळ खाल्ला, हे नाहीतर कधी कळत नाही. ज्याला कुठल्याच बातमीचं नाव देता येत नाही, त्याला 'सामाईक' म्हणा : सकाळचं पेपर वाचन, हाती काही न लागलेल्या पत्रकार परिषदा, हिशेब, नवे विषय शोधणं.

नोंद कधी करायची? दर वेळी वही काढली तर समोरचा माणूस बिचकतो. दुपारी जेवणाआधी, संध्याकाळी घरी आल्यावर आणि झोपण्यापूर्वी, अशी तीनदा पुरते. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी भरून काढता येतो. तीन दिवस चुकले की आपण जे लिहितो ते ललित लेखन.

विसरलात तर

तरीही ललित लेखन टाळायची सोय फोनमध्येच आहे. कॉलची यादी उघडा, कुणाशी किती मिनिटं बोललात ते तिथे आहे. फोटोच्या तपशिलात वेळ असते. पहिला फोटो ८.२०, शेवटचा ११.४०, म्हणजे मंडईत कधी होतो ते कळलं. मुद्रणाच्या फाइलवर वेळ आणि लांबी दोन्ही असतात. चहा-नाश्त्याचे यूपीआयचे पैसे कुठल्या वेळी गेले ते बँकेच्या मेसेजमध्ये सापडतं. ST चं तिकीट वहीत चिकटवायची सवय लावा, त्यावर वेळही असते आणि तो खर्चाचा पुरावाही होतो. लेखाच्या फाइलचा जुन्या आवृत्त्यांचा इतिहास पाहिला तर लिहायला कधी बसलो आणि कधी उठलो तेही दिसतं.

एवढं असलं तरी सगळा महिना असा मागून भरू नका. फोनला वाट पाहणं दिसत नाही. बाकावर नुसतं बसलेल्या माणसाचा फोटो नसतो, कॉल नसतो.

एका फेरीत दोन बातम्या

जिल्ह्यात अकरा तालुके. करमाळ्याला जाऊन यायचं म्हणजे आख्खा दिवस मोडतो, अक्कलकोटला अर्धा. त्यामुळे शहाणा माणूस एका फेरीत दोन कामं करतो आणि तिथेच हिशेब बिघडतो. समजा पंढरपूरला एका मासिकासाठी चंद्रभागेच्या वाळवंटावरचं काम आहे, आणि तिथेच एका पोर्टलसाठी डाळिंबवाल्यांशी बोलायचं आहे. जाण्यायेण्याचे चार तास कुणाच्या नावावर?

फेरी ज्या बातमीसाठी ठरली तिच्या नावावर प्रवास पूर्ण टाकायचा मोह होतो, मग दुसरी बातमी फुकटात झाल्यासारखी भासते. पुढच्या वेळी त्या पोर्टलला तुम्ही तोच स्वस्त भाव सांगता आणि नुसत्या त्याच्यासाठी पंढरपूर गाठावं लागतं तेव्हा फसता. मी प्रवास निम्मा निम्मा करतो. दोन्ही कामांत फारच तफावत असेल तर मानधनाच्या प्रमाणात. याहून बारीक गणित करण्यात अर्थ नाही.

ऐकून उतरवणं : खरी गळती इथे

तास मोजायला लागलो तेव्हा माझा अंदाज होता की सर्वांत जास्त वेळ फिरतीत जात असेल. निघालं वेगळंच. सगळ्यात मोठा आकडा बहुतेक बातम्यांत लिहिण्याचा किंवा 'उ'चा, आणि लोकांशी जास्त बोलावं लागलेल्या बातम्यांत 'उ' पहिला.

सोलापुरात याला कारण आहे. पूर्व भागात विडी वळणाऱ्या बाईंच्या घरी मुलाखत मराठीत सुरू होते. मध्येच सासूबाई तेलुगूत काही सांगतात, सून त्याचं मराठी करते, तेवढ्यात दारातून शेजारीण दख्खनीत आपलं मत देते, आणि मागे टीव्ही चालू. अक्कलकोटच्या सीमेवरच्या गावात हेच कन्नडमध्ये होतं. बोलणं ऐकून मजकूर टंकून देणारी ॲप साध्या मराठीत बऱ्यापैकी चालतात. या भेळेपुढे मात्र ती हात टेकतात. माझ्या वहीप्रमाणे तासाभराचं सरळ मराठी मुद्रण उतरवायला मला सव्वातीन तास लागतात आणि असं मिश्र मुद्रण पाच तासांपर्यंत जातं. त्यातही तेलुगू नीट कळावं म्हणून ओळखीच्या एखाद्याला बसवावं लागतं. त्याचा वेळ, चहा, कधी मानधन, हे सगळं पट्टीत.

हे कळल्यावर कामाची पद्धतच बदलावी लागली. आता मुलाखतीत महत्त्वाचं वाक्य आलं की वहीत मुद्रणाची वेळ टिपतो, '२३.१०, पाल्याचं वजन' अशी. घरी येऊन फक्त त्या जागा ऐकतो. पूर्ण उतरवायचं ते वादाच्या किंवा कोर्टात जाऊ शकेल अशा बातमीतच. या एका सवयीने 'उ'चे तास निम्म्यावर आले. दुसरं काही नाही तरी एवढ्यासाठी महिनाभर वही ठेवून बघा, तुमची गळती कुठे आहे ती सापडेल. ती माझ्यासारखीच असेल असं नाही. एका फोटोग्राफर मित्राची फोटो निवडण्यात निघाली.

माहिती अधिकाराचे तास

हे लांबणीचं काम आहे म्हणून वेगळं सांगतो. अर्जाला दहा रुपये, महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज लिहून दिला तो दीड तास आज आणि उत्तर घ्यायला गेलो तो अर्धा दिवस पुढच्या महिन्यात. मधे बातमीचं नाव विसरतं. म्हणून माहिती अधिकाराला वहीच्या मागे स्वतंत्र पान द्या : अर्जाची तारीख, बातमीचं नाव, तिसाव्या दिवसाची तारीख, आणि प्रत्येक फेरीचे तास. अपील करावं लागलं तर तेही तिथेच. मधले तीस दिवस 'वा' मध्ये धरायचे नाहीत, तेवढा प्रामाणिकपणा ठेवूया.

रविवारचा अर्धा तास

आठवड्यातून एकदा वहीतल्या ओळी गूगल शीटमध्ये किंवा एक्सेलमध्ये उतरवायच्या. रकाने वहीतलेच, शिवाय तारखेचा एक आणि 'तास' हा एक जास्तीचा. तासाच्या रकान्यात बंदच्या वेळेतून सुरूची वेळ वजा करा आणि उत्तराला २४ ने गुणा. गुणायचं कारण असं, की शीटच्या लेखी एक दिवस म्हणजे १, त्यामुळे सहा तास तिला ०.२५ दिसतात. २४ ने गुणलं की सरळ ६ येतात. तो रकाना साध्या संख्येच्या स्वरूपात ठेवा. वेळेच्या स्वरूपात ठेवलात तर बेरीज २४ च्या पुढे गेली की आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो आणि २६ तासांचे २ दिसतात. मी दोन महिने 'काम किती कमी झालं' म्हणून खूश होतो ते यामुळे.

मध्यरात्र ओलांडणारी नोंद असेल, रात्री ११ ते १ अशी, तर वजाबाकी उणे येते. तेव्हा बंदच्या वेळेत १ मिळवून मग वजा करायचं. किंवा सरळ दोन ओळी करा, बारापर्यंत एक आणि बारानंतर दुसरी.

बेरजेसाठी 'सम-इफ्स' (SUMIFS) हे सूत्र किंवा पिव्होट टेबल वापरा : डावीकडे बातम्यांची नावं, वर खुणा, मधे तास. पहिल्यांदा जमत नसेल तर पोरांना विचारा, नववी-दहावीच्या पोरांना येतं.

आता पट्टी

ही माझ्या कांद्याच्या बातमीची. शब्द बाराशे, मानधन ४,००० रुपये.

ठरवणं सव्वा तास, फिरती दीड तास, वाट पाहणं पावणेतीन तास, बोलणं साडेतीन तास, कागदपत्रं पावणेदोन तास, सव्वा तासाचं मुद्रण उतरवणं चार तास, लिहिणं सव्वापाच तास, दुरुस्ती दीड तास, वसुली पाऊण तास. एकूण सव्वाबावीस तास. पेट्रोल, चहा, झेरॉक्स मिळून ३५० रुपये वजा. राहिले ३,६५०. भागिले सव्वाबावीस, तासाला १६४ रुपये.

फक्त लिहिण्याचे सव्वापाच तास धरले असते तर हाच दर तासाला ६९५ पडला असता. अकरा वर्षं मी या दुसऱ्या आकड्यावर जगत होतो, नकळत.

त्याच महिन्यातली दुसरी दोन कामं शेजारी ठेवा. घरबसल्या चार फोन करून दिलेली छोटी बातमी : १,२००, अडीच तास, खर्च शून्य. तासाला ४८०. आणि एका संस्थेच्या स्मरणिकेचं संपादन : १५,०००, बासष्ट तास, ६०० खर्च. तासाला २३२. स्मरणिका मला महिन्यातलं सगळ्यात मोठं काम वाटत होती आणि रक्कम मोठी होतीही. पण दर पडला छोट्या बातमीच्या निम्मा.

टीडीएसबद्दल एक सूचना. एकाच संस्थेकडून वर्षभरात ५० हजारांच्या वर व्यावसायिक शुल्क मिळालं तर साधारणपणे १० टक्के कापून पैसे येतात (एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा ३० हजार होती). ती कपात पट्टीत खर्च म्हणून धरू नका. ते तुमच्या नावावर जमा झालेले पैसे आहेत, विवरणपत्र भरताना त्यांचा हिशेब होतो. पट्टीत पूर्ण मानधन लिहा आणि कापलेली रक्कम बाजूला टिपून ठेवा, म्हणजे वर्षअखेर प्राप्तिकर खात्याकडच्या तुमच्या नावावरच्या नोंदीशी ताळा घालता येईल.

तुमचा तळाचा दर

पट्टी सांगते काय मिळालं. काय मिळायला हवं होतं, ते वेगळं काढावं लागतं. माझा एका महिन्याचा हिशेब : घरखर्च ३०,०००. मोबाइल, इंटरनेट, लॅपटॉपची झीज असा कुठल्याही एका बातमीच्या नावावर न टाकता येणारा खर्च ४,०००. आणि कोरड्या महिन्यांसाठी बाजूला ६,०००. एकूण ४०,०००.

त्या महिन्यात काम केलं १६८ तास. इथे बहुतेक जण चाळीस हजारांना १६८ ने भागतात आणि २३८ हा दर काढून निर्धास्त होतात. पण त्या १६८ मधले ६४ तास 'सामाईक' होते, त्यांचे पैसे कुणीच देत नाही. पैसे मिळणाऱ्या कामाचे तास १०४. चाळीस हजार भागिले १०४, म्हणजे ३८५ रुपये. तळाचा दर हा. याच्या खाली घेतलेलं प्रत्येक काम मी घरातून पैसे घालून करतो आहे.

कांदा १६४. बसा बोंबलत.

दर तीन महिन्यांनी हा दर पुन्हा काढा. वर उदाहरणापुरता एकच महिना घेतला, पण एका महिन्यावरून काढू नका, निवडणुकीचा महिना आणि मेचा महिना यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

हा आकडा संपादकांना सांगायचा का?

तासांचा सांगू नका. आपल्याकडे तासावर मानधन ठरवायची पद्धत नाही, आणि "बावीस तास लागतात" म्हटलं की समोरून "एवढे कशाला?" येतं, मग चर्चा तुमच्या वेगावर घसरते. तास आपल्यासाठी. संपादकांना काम आणि रक्कम सांगायची.

समजा पाणीपुरवठ्यावर लेख हवा आहे. जुन्या पट्ट्यांवरून मला माहीत आहे की चार भागांत फिरून, कागदपत्रं पाहून केलेला असा लेख बावीस तास घेतो. बावीस गुणिले ३८५, साधारण साडेआठ हजार. मी लिहितो :

"नमस्कार मॅडम. पाण्याचा लेख करता येईल. शहराच्या चार भागांत पाणी किती दिवसांआड येतं ते प्रत्यक्ष पाहून, महापालिकेची कागदपत्रं जोडून १५०० शब्द देईन. मानधन ८,५००, प्रवासासह. कॉपीनंतर एकदा दुरुस्ती यात धरली आहे. होकार कळवल्यापासून आठ दिवसांत देतो."

उत्तर येतं, "बजेट पाचचं आहे." पूर्वी मी इथे "चालेल मॅडम" म्हणून साडेआठ हजारांचं काम पाच हजारांत करायचो. आता पाच हजारांना ३८५ ने भागतो. तेरा तास. तेरा तासांत काय बसतं? दोन भाग, आठशे शब्द, कागदपत्रं नाहीत. तेच कळवतो : "पाच हजारांत दोन भागांवरचा आठशे शब्दांचा लेख देऊ शकेन." दहापैकी सहा-सात वेळा तो स्वीकारला जातो. कधी बजेट वाढतं. कधी उत्तरच येत नाही आणि तेरा तास दुसऱ्या कामाला मिळतात. दर कमी करायचा नाही, काम आखूड करायचं. माझ्यासाठी सगळ्या मोजणीचं फळ हे आहे.

'दु' आणि 'व' या खुणांची बेरीज संस्थेनुसार वेगळी काढून पाहा. एका पोर्टलची रक्कम चांगली दिसायची, पण चार-चार वेळा दुरुस्त्या आणि पैशांसाठी महिनोन्‌महिने फोन. सहा महिन्यांची पट्टी मांडली तर तिथे तासाला शंभरही पडत नव्हते. भांडलो नाही, कामं घेणं थांबवलं.

तोट्यातली बातमी करूच नये असं माझं म्हणणं नाही. काही बातम्या कराव्याच लागतात. त्यांच्यापुढे मी शीटमध्ये 'पदरमोड' असं लिहितो आणि महिन्याला अशी एकच घेतो. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण निदान किती तास गेले ते माहीत असलेलं बरं.

वही कुणाच्या हाती लागली तर

तास मोजण्याबद्दलच्या सल्ल्यांत हे सहसा नसतं, कारण ते सल्ले पत्रकारांसाठी लिहिलेले नसतात. आपली वही म्हणजे आपण कधी, कुठे, कुणाशी बोललो याची तारीखवार यादी आहे. नाव उघड न करण्याच्या बोलीवर माहिती देणाऱ्या माणसाला ती वही बुडवू शकते.

म्हणून वहीत माणसांची नावं नाहीत. हुद्दे नाहीत. 'बो – पाणी' एवढंच. नाजूक बातमीला नावही असं द्या की ज्यावरून विषय कळू नये, माझ्या एका बातमीचं नाव दीड महिना 'शेंगाचटणी' होतं. अशी भेट असेल त्या दिवशी जागाही लिहू नका, आणि फोनमधली गूगल मॅप्सची टाइमलाइन, जी एरवी विसरलेले तास आठवायला कामाला येते, ती बंद ठेवा. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यात कौन्सिलपुढच्या चौकशीत पत्रकाराला सूत्र उघड करायला भाग पाडता येत नाही अशी तरतूद आहे. ती कौन्सिलपुरतीच. पोलिस ठाण्यात तिचा आधार घेता येणार नाही. शीट दुसऱ्या कुणाशी शेअर करायची असेल, हिशेब पाहणाऱ्याशीसुद्धा, तर ओळींचं पान देऊ नका, बेरजेचंच द्या.

वर्षाचं पान

बारा महिने झाले की सोलापूरच्या पत्रकाराचं वर्ष डोळ्यांसमोर येतं. जानेवारीत हुतात्मा दिन आणि लगेच सिद्धेश्वरांची यात्रा. कांद्याची आवक. उन्हाळ्यात पाणी आणि टँकर. आषाढात पंढरपूर. मग साखर कारखान्यांचे गाळप हंगाम. या ठरलेल्या कामांची प्रत्येकी एक ओळ करा : गेल्या वर्षी किती तास, किती पैसे.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या याच यात्रेच्या, ओळीने माझे डोळे उघडले. सात नंदीध्वजांची (उंच मानाच्या काठ्यांची) मिरवणूक, अडुसष्ट लिंगांचं यण्णीमज्जन (तैलाभिषेक), अक्षता सोहळा, होम, या सगळ्यामागे पळून चार दिवसांत ३८ तास, आणि मानधन तीन ठिकाणचं मिळून ५,४००. खर्च न धरताही तासाला १४२. त्यात अकरा तास होते नुसते 'वा', गर्दीत उभं राहून मिरवणूक पुढे सरकायची वाट पाहण्याचे. शिवाय त्या दिवसांत शहरातला प्रत्येक जण तेच लिहीत असतो.

या वर्षी डिसेंबरातच दोन लेख करून ठेवले, एक नंदीध्वज पेलण्याचा सराव करणाऱ्या पोरांवर आणि एक गड्ड्यात वर्षानुवर्षं दुकान मांडणाऱ्यांवर. दोन्हींना मिळून सतरा तास लागले, मानधन सात हजार. मिरवणुकीच्या दिवशी फक्त अक्षतेची बातमी दिली. दारूकामाच्या संध्याकाळी पोरांना घेऊन गेलो, वही घरी टेबलावर होती.